अर्ध्या कादंबरीवर बोलताना

"सध्या काय वाचताय?" असं कुणी विचारलं की आपण कादंबरीचं नाव सांगतो. "कशी आहे?" हा पुढचा प्रश्न आला की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: "अजून अर्धीच झालीय, संपली की सांगतो." या उत्तरात संकोच असतो, लेखकाबद्दल आदर असतो आणि आपलं मत चुकेल ही धास्तीही असते. पण संपल्यावर सांगायचं बहुधा राहूनच जातं. आणि सांगितलं तरी ते मधल्या पानांवरचं मत नसतं. शेवट ठाऊक झालेल्या वाचकाला आपण कुणावर उगाच संशय घेतला होता, कुणाचा राग आला होता, कुठे पुस्तक मिटून ठेवावंसं वाटलं होतं, हे नीटसं आठवत नाही. आठवलं तरी ते सांगण्याजोगं वाटत नाही. कादंबरीने वाचकाकडून जे करवून घेतलं, तेच नेमकं गळून जातं, आणि हातात उरतं ते कथानक आणि एखादं विशेषण.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की वाचत असतानाच बोला. घरात, वाचनकट्ट्यावर, ग्रंथालयाच्या पायरीवर, चार मैत्रिणी जमतात तिथे. मात्र अर्ध्या कादंबरीवर बोलण्याची एक रीत आहे. ती सांभाळली तर ऐकणाऱ्यालाही पुस्तकाची ओढ लागते. नाही सांभाळली तर एकाचा रस जातो आणि दुसऱ्याचा विरस होतो.

तसं पाहिलं तर मराठी वाचकाला हे नवं नाही. रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' 1871 पासून 'विविधज्ञानविस्तार' मासिकातून क्रमशः येत होती. हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यातून हप्त्याहप्त्याने वाचकांपुढे ठेवली. यमुना स्वतःच्या तोंडाने आपली हकिकत सांगते आहे आणि अंक संपला की तीही थांबते. पुढे तिचं काय होणार हे कुणालाच माहीत नाही. त्या वाचकाला यमुनेबद्दल, तिच्या सासरबद्दल जे काही बोलायचं असेल ते अर्ध्यावरच बोलावं लागणार होतं, कारण शेवट छापून झालेलाच नव्हता. आज अख्खं पुस्तक हातात असतं म्हणून आपल्याला शेवटापर्यंत गप्प राहण्याची चैन परवडते. ती सोडून द्यायला हरकत नाही.

आधी पान सांगा, मग मत

बोलायला सुरुवात करताना पहिली गोष्ट ही सांगावी की आपण कुठवर आलो आहोत. पान क्रमांक सांगा, किंवा प्रकरण, किंवा निदान "मास्तर गावात पोचलेत, शाळा सुरू झालीय" अशी खूण तरी. आवृत्त्या बदलल्या की पानं बदलतात, म्हणून प्रसंगाची खूण जास्त भरवशाची. ऐकायला हे क्षुल्लक वाटतं, पण निम्मी भांडणं याने मिटतात.

'कोसला'चं उदाहरण घ्या. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी 1963 मध्ये आली आणि तेव्हापासून तिच्यावर दोन टोकांची मतं आहेत. पांडुरंग सांगवीकर पुण्याच्या वसतिगृहात राहतो, खानावळ, गॅदरिंग, मित्र, उधाऱ्या यांच्याबद्दल तिरकस, खोडकर भाषेत बोलतो. इथवर वाचलेला एखादा म्हणतो, "नुसती टवाळकी आहे, कॉलेजातल्या पोराची." दुसरा म्हणतो, "मला तर रात्री झोप लागली नाही." दोघेही खरं बोलत असतात. पहिला अजून पुण्यातच आहे. दुसरा घरातल्या एका प्रसंगापुढे गेला आहे, जिथे तीच भाषा अचानक वेगळी ऐकू यायला लागते. (तो प्रसंग कोणता हे मी इथे लिहीत नाही. ज्यांनी वाचली आहे त्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांनी तिथवर स्वतः पोचावं.) या दोघांनी आधी पान सांगितलं असतं तर वाद झालाच नसता. उलट पहिल्याचं मत दुसऱ्याच्या उपयोगी पडलं असतं: ही टवाळकी लेखकाने इतकी लांबवली ती कशासाठी, हा प्रश्न पुढे गेलेल्याला त्यातूनच सुचतो.

ज्या कादंबऱ्यांत निवेदक बदलतात तिथे तर पान सांगितल्याशिवाय बोलूच नये. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'त ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू मांडतात. देवयानीचं मनोगत नुकतंच वाचून आलेली बाई आणि शर्मिष्ठेपाशी थांबलेली बाई यांना एकमेकींचं बोलणं पटणारच नाही, आणि ते पटू नये अशीच त्या कादंबरीची बांधणी आहे. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये कर्णाखेरीज कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण बोलतात. गटाने ही कादंबरी घेतली तर एक छान गोष्ट करता येते. प्रत्येकाने एकेक निवेदक वाटून घ्यायचा. वाचायची सगळी, पण बोलताना आपल्या वाट्याच्या माणसाची बाजू सांभाळायची. वृषालीला काय माहीत आहे आणि काय माहीत नाही? शोण आपल्या भावाकडे पाहताना कुठे डोळेझाक करतो? कर्ण थोर की चुकला, या कधीच न संपणाऱ्या चर्चेपेक्षा हे प्रश्न कितीतरी अधिक फलदायी आहेत, कारण त्यांची उत्तरं पानांवर सापडतात.

विशेषणं बाजूला ठेवून

आपल्याकडे कादंबरीबद्दल बोलण्याची काही तयार विशेषणं आहेत. ओघवती, खिळवून ठेवणारी, अंतर्मुख करणारी, वास्तववादी, रटाळ, संथ. मलपृष्ठावर ती छापलेली असतात, परीक्षणांत असतात आणि तिथून आपल्या तोंडी येतात. "दुखतंय" एवढंच सांगितलं तर डॉक्टरला काही कळत नाही, कुठे आणि कधीपासून ते सांगावं लागतं. तसंच इथेही आहे.

'बनगरवाडी'बद्दल हमखास ऐकू येणारं मत म्हणजे "संथ आहे, काही घडतच नाही." व्यंकटेश माडगूळकरांची ही 1955 ची छोटी कादंबरी. औंध संस्थानातल्या माणदेशी धनगरवाडीवर एक तरुण मास्तर शाळा चालवायला येतो. संथ म्हणणारा वाचक खोटं बोलत नसतो, पण त्याला पुढे दोन प्रश्न विचारावेत. कुठे संथ वाटली? आणि तरीही पान का उलटलं? मग तो म्हणतो, "मास्तर आला तेव्हा वाटलं गावकरी त्याला पळवून लावतील, काहीतरी झगडा होईल. पण कारभाऱ्याने त्याला हळूहळू सामावूनच घेतलं. मग एकेक माणूस यायला लागला, आयबू, आनंदा रामोशी, आणि मी झगड्याची वाट पाहायचं विसरलो." आता हे खरं मत झालं. यात त्याची अपेक्षा आहे, ती कुठे मोडली ते आहे, तिच्या जागी काय आलं तेही आहे. 'संथ' या शब्दात यातलं काहीच नव्हतं.

म्हणून अर्ध्या कादंबरीवर बोलताना एक सवय लावून घ्या. "मला आता पुढे अमुक होईल असं वाटतंय" हे वाक्य प्रत्येक वेळी बोलायचंच. कादंबरीकार वाचकाच्या मनात अपेक्षा पेरत असतो, आणि ती कुठल्या वाक्यांनी पेरली हे शोधायला अर्ध्यावर असणं ही सर्वांत चांगली जागा आहे. शेवट कळला की ती शोधता येत नाही. अंदाज चुकला तर लाजायचं कारण नाही. चांगल्या कादंबरीत चुकलेला अंदाज हा बहुतेकदा लेखकाने मुद्दाम घडवलेला असतो.

सोबत एक परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवावा. फार मोठा नको, अर्धं पान पुरे. कुठला वाचायचा हे घरून ठरवून यावं, पानात चिठोरं घालून आणावं. (ग्रंथालयाच्या पुस्तकाचे कोपरे कृपा करून दुमडू नका आणि पेनाने रेघाही मारू नका. पुढच्या वाचकाला तुमच्या आवडीची जागा आयती दिसते आणि त्याची स्वतःची सापडत नाही.) वाचून दाखवलेल्या अर्ध्या पानावर चारजण चार गोष्टी बोलतात, आणि ज्यांनी कादंबरी उघडलेलीही नाही त्यांनाही बोलता येतं. कट्ट्यावर सगळे वेगवेगळ्या कादंबऱ्या वाचत असतील तर ही एकच गोष्ट सर्वांना एकत्र बांधते.

मोठ्याने वाचण्याचा खरा उपयोग बोलीतल्या कादंबऱ्यांना होतो. उद्धव शेळक्यांची 'धग' 1960 ची, विदर्भातल्या कौतिकची. पुण्या-मुंबईचे कितीतरी वाचक तिच्यातल्या वऱ्हाडी संवादांपाशी अडखळतात आणि "भाषा अवघड आहे" म्हणून पुस्तक परत करतात. हे फार मोठं नुकसान आहे, कारण कौतिकसारखी बाई मराठी कादंबरीत फारशी भेटत नाही. नवरा, पोरं, दारिद्र्य, गाव बदलून नशीब पालटायची धडपड, आणि प्रत्येक वेळी स्वतः उभं राहण्याची तिची रीत, हे सारं त्या बोलीतच आहे. ते प्रमाण मराठीत आणून सांगता येत नाही. गटात कुणी अमरावती-अकोल्याकडचं असेल तर त्यांना एक संवाद वाचायला सांगा. 'मले-तुले' कानावर पडलं, हेल ऐकला की कागदावरचा अडथळा दहा मिनिटांत जातो, मग पुढचं पुस्तक आपलं आपण वाचता येतं. कुणीच नसेल तरी स्वतः मोठ्याने वाचून पाहा. बोली आधी कानाला कळते, डोळ्यांना नंतर. श्री. ना. पेंडशांच्या कोकणी माणसांनाही हेच लागू आहे.

काय फोडायचं, काय नाही

शेवट सांगू नये हे सगळ्यांना माहीत असतं. पण नुकसान फक्त शेवट सांगितल्याने होत नाही. "पुढे एक मोठा धक्का आहे" एवढं म्हटलं तरी ऐकणारा उरलेली कादंबरी धक्क्याची वाट पाहत वाचतो. "मला आधी तो आवडला नाही, पण थांब, बघच तू" हेही तसंच. म्हणून पुढे गेलेल्याने मागच्याशी बोलताना मागच्याच्या पानावर येऊन बोलावं. त्याला विचारावं, तुला आत्ता काय वाटतंय, का वाटतंय. आपल्याला ठाऊक असलेलं पोटात ठेवून दुसऱ्याचा अंदाज शांतपणे ऐकता येणं, ही चांगल्या वाचकाची मोठी खूण मी मानतो.

पौराणिक आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांची गोष्ट वेगळी. कर्णाचं काय होतं हे ठाऊक नसलेला मराठी वाचक विरळा. रणजित देसाईंची 'स्वामी' (1962) उघडणाऱ्याला थोरले माधवराव 1772 मध्ये थेऊरला वारले आणि रमाबाई सती गेल्या हे शाळेपासून माहीत असतं. इथे शेवट लपवण्यात अर्थ नाही. उलट शेवट माहीत असूनही जीव का वर-खाली होतो, हाच बोलण्याचा विषय आहे. अशा कादंबऱ्यांवर बोलताना गाडी हमखास "हे खरंच असं घडलं होतं का?" या फाट्यावर जाते. प्रश्न रास्त आहे, पण तो वेगळा ठेवावा. एका बैठकीत 'कादंबरीत माधवराव जिवंत वाटतो का, कशाने वाटतो' एवढंच बोला, आणि पुराव्याची चर्चा दुसऱ्या बैठकीत करा, ज्याला आवड असेल त्याने इतिहासग्रंथ वाचून येऊन. दोन्ही एकत्र केलं की आवाज ज्याचा मोठा त्याचा इतिहास खरा ठरतो आणि कादंबरी बाजूलाच राहते. विश्वास पाटलांच्या 'पानिपत'वर बोलताना तर हे कटाक्षाने पाळावं.

प्रस्तावनेबद्दलही थोडं सांगायला हवं. 'श्रीमान योगी'ला नरहर कुरुंदकरांची दीर्घ प्रस्तावना आहे आणि ती स्वतंत्रपणे वाचण्याइतकी मोलाची आहे. पण कुठल्याही कादंबरीची प्रस्तावना शेवटी वाचावी असं माझं मत आहे. जाणकाराचं मत आधी डोक्यात गेलं की आपलं मत उगवतच नाही. नंतर वाचली की मात्र प्रस्तावनाकार आपल्या कट्ट्यावरचाच एक सभासद होतो, त्याच्याशी वाद घालता येतो.

दोन खंडांच्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या कादंबऱ्या अर्ध्यावर सुटतात त्या बहुधा नावांच्या गोंधळाने. श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' (1987) वाचताना एका मोठ्या कागदावर वंशावळ काढत जा. पण आधीच सगळी नावं भरू नका. जो माणूस कादंबरीत येईल त्याचं नाव त्या दिवशी लिहायचं. गटात असाल तर तोच कागद सगळ्यांसाठी भिंतीवर लावता येतो, म्हणजे सर्वांत मागे असलेल्या वाचकापर्यंतचीच नावं त्यावर राहतात. नेमाड्यांच्या 'हिंदू'साठीही असा कागद हवाच. तिथे मात्र माणसांबरोबर काळही लिहून ठेवावा लागतो, कारण खंडेरावाचं मन मोहेंजोदडोपासून मोरगावपर्यंत कुठेही जातं.

ज्यांच्या आयुष्याला कादंबरी शिवते

आता जरा नाजूक, पण मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' धरणग्रस्तांवर आहे, तिला 1992 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कृष्णात खोतांच्या 'रिंगाण'ला तोच पुरस्कार 2023 मध्ये मिळाला. तीही धरणाने उठवलेल्या माणसांची आहे, पण तिथला माणूस मागे राहिलेल्या म्हशीसाठी जुन्या गावाकडे परत जातो. कोयना, वारणा, उजनी अशा धरणांत ज्यांची घरं-शेतं गेली त्यांची मुलं-नातवंडं आज गावोगाव आणि शहरांत राहतात. तुमच्या वाचकगटात असं कुणी असेल तर या कादंबऱ्यांवरचं बोलणं आपोआप वेगळं होतं. होऊ द्यावं. मात्र त्या माणसाला साक्षीदार करून बसवू नये. "तुम्हीच सांगा, असंच असतं ना?" हा प्रश्न वरवर आदराचा असला तरी त्याने समोरच्यावर ओझं पडतं. तोही वाचक म्हणूनच आला आहे. त्याला भाषेबद्दल, रचनेबद्दल बोलायचं असेल, किंवा काहीच बोलायचं नसेल. त्याने आपणहून सांगितलं तर मात्र बाकीच्यांनी आपली वाक्यं थांबवून ऐकावं.

जातीच्या बाबतीत हे अधिकच खरं आहे. अण्णाभाऊ साठ्यांची 'फकिरा' (1959) वाचताना वारणेच्या काठचा पराक्रम सगळ्यांनाच भारून टाकतो, पण गावगाड्यात कोण कुठे उभा आहे हे वाचकाला आपापल्या जागेवरून दिसतं. "मला हे माहीतच नव्हतं" असं प्रामाणिकपणे म्हणणं चांगलं. "आता असं काही राहिलेलं नाही" असं म्हणून विषय बंद करणं वाईट, कारण त्या वाक्याने कुणाचं तरी तोंड बंद होतं. आणि ज्याला त्या दिवशी काही बोलवत नसेल त्याचा गप्प राहण्याचा हक्क गटाने मानायला हवा. कविता महाजनांची 'ब्र' किंवा गौरी देशपांड्यांच्या कादंबऱ्या घेतल्या की घरातल्या, नात्यातल्या गोष्टी वर येतात. तिथेही हाच नियम: पात्राबद्दल बोलावं, शेजारी बसलेल्या बाईच्या संसाराबद्दल नाही.

मतभेद होणारच, आणि व्हावेत. वाद पेटला की दोघांनाही पुस्तक उघडायला सांगा, "कुठल्या पानावरून असं वाटलं?" हा प्रश्न पुष्कळदा पुरतो. मोठ्यांपुढे तरुण मंडळी बोलत नाहीत, म्हणून ज्येष्ठांनी शेवटी बोलण्याचा पायंडा पाडावा. निवृत्त प्राध्यापक गटात असतील तर त्यांचा अभ्यास हा गटाचा ठेवाच असतो, पण त्यांनी सुरुवातीलाच समारोप केला की इतरांना फक्त माना डोलवायचं काम उरतं.

कादंबरी सोडून द्यावीशी वाटली तर? खुशाल सोडा, पण कुठे सोडली ते लिहून ठेवा आणि गटात सांगा. "अमुक प्रकरणानंतर मला पुढे जाववलं नाही" हे सुद्धा मतच आहे. श्याम मनोहरांच्या कादंबऱ्या पुष्कळांना पहिल्या काही पानांत परक्या वाटतात, कारण त्यांत गोष्ट सांगण्याची नेहमीची घाई नाही. सोडलेल्याने का सोडली हे सांगितलं आणि न सोडलेल्याने काय धरून ठेवलं हे सांगितलं, तर पहिला पुष्कळदा ती परत उघडतो. दडपण मात्र नको. "तुम्हाला ती कळली नाही" हे वाक्य कुठल्याही कट्ट्यावर उच्चारू नये.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात. सहा ते दहा माणसं पुरेत, त्याहून जास्त झाली की निम्मी श्रोते होतात. जागा म्हणून जवळचं सार्वजनिक ग्रंथालय उत्तम. महाराष्ट्रात 1967 च्या कायद्याने अ, ब, क, ड वर्गांची शासनमान्य ग्रंथालयं गावोगाव उभी आहेत, आणि वाचक एकत्र बसताहेत म्हटल्यावर ग्रंथपालांना आनंदच होतो. विचारून तर पाहा. एकाच कादंबरीच्या दहा प्रती मिळणं कठीण असतं. अशा वेळी एका लेखकाच्या किंवा एका विषयाच्या वेगवेगळ्या कादंबऱ्या वाटून घ्याव्यात. एस. एल. भैरप्पांच्या कादंबऱ्या उमा कुलकर्णींच्या अनुवादांतून बहुतेक ग्रंथालयांत असतात, त्यांवर असा महिना छान जातो. परदेशातल्या मंडळींना प्रती मिळवणं अधिक अवघड, त्यांनी ई-पुस्तक म्हणून मिळते का हे आधी पाहून मगच कादंबरी ठरवावी. फोनवरच्या गटात मत टाकताना पहिल्या ओळीत प्रसंगाची खूण लिहावी, म्हणजे जो तिथवर पोचला नाही तो पुढचं न वाचता थांबू शकतो. टंकायला कंटाळा येणाऱ्या आजी-आजोबांनी आपलं मत ध्वनिमुद्रित करून पाठवावं. त्यात जे सहजपणे येतं ते लिहिताना येत नाही.

या महिन्यात सुरुवात करायची असेल तर मी विश्राम बेडेकरांची 'रणांगण' सुचवेन. 1939 ची, अगदी लहान, कुणालाही वेळेचं कारण सांगता येणार नाही अशी. महायुद्ध तोंडावर आलेलं असताना युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, हिंदुस्थानात परतणारे प्रवासी, आणि त्यांत चक्रधर आणि हॅर्टा. पहिल्या बैठकीला सगळ्यांनी निम्म्यापर्यंतच वाचून यायचं, पुढे गेलेल्याने ते कुणालाही सांगायचं नाही. प्रत्येकाने तीन गोष्टी आणायच्या: मोठ्याने वाचायचा एक परिच्छेद, चक्रधरचं कुठलं वागणं खटकलं त्याची एक जागा, आणि मुंबईचा किनारा आल्यावर या दोघांचं काय होईल याचा आपला अंदाज, कागदावर लिहून, घडी घालून. घड्या एकाकडे ठेवायच्या. दुसऱ्या बैठकीला, पुस्तक संपवून आल्यावर, त्या उघडायच्या आणि प्रत्येकाने आपला अंदाज कुठल्या पानावरून बांधला होता ते पुस्तकात दाखवायचं. चर्चा तिथून सुरू करा.